लाँग इंग्जवर पाणी

१४, मिल रो, थर्लबेक
२ मार्च २०१८

विल्फ,

फोनवर तुला धड ऐकू येत नाही, आणि तुझ्या कानांसाठी आवाज चढवला की शेजाऱ्यांना वाटतं मी कुणाशी तरी भांडतेय. म्हणून लिहिते. भांडायचं तर आहेच, पण तुझ्याशी नाही.

नोव्हेंबरात कौन्सिलनं कंपनीचा अर्ज फेटाळला हे तुला कळवलं होतं. लाँग इंग्जच्या शेतावर एकशे चाळीस घरं बांधायची नाहीत, नऊ विरुद्ध चार मतं. आम्ही चर्चच्या हॉलमध्ये हॅमची सँडविचं खाल्ली, आमच्या समितीचा अध्यक्ष प्रॉसर भाषण करायला उभा राहिला तो बसेचना, आणि मी या वयात नाचले. परवा पत्र आलं. कंपनीनं अपील केलंय. म्हणजे गावानं निवडून दिलेल्या माणसांनी नाही म्हटलं ते गेलं चुलीत. आता ऑगस्टमध्ये ब्रिस्टलहून सरकारी निरीक्षक येणार, टाऊन हॉलात जाहीर सुनावणी होणार, आणि ती एकटी बाई काय ते ठरवणार.

मी कौन्सिलमध्ये फोन केला. म्हटलं, समजा तिनं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, तर मग आम्ही अपील करायचं ना? पलीकडची बाई म्हणाली, "नाही हो. नकार मिळाला तर अर्जदाराला अपील करता येतं. शेजाऱ्यांना ती सोय नाही." सोय म्हणे. तळपायाची आग मस्तकात गेली माझी.

त्या शेताखाली राहतं कोण? आम्ही, मिल रोची अकरा घरं. २००७च्या जूनमध्ये ओढ्याचं पाणी माझ्या कोठीघरात कमरेपर्यंत होतं. वॉल्टनं दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं खूण केली ती अजून आहे. भिंती वाळायला चौदा महिने लागले आणि त्या ओलीत माझ्या नवऱ्याची छाती जी बिघडली ती सुधारलीच नाही. दुसऱ्या हिवाळ्यात गेला. तू खांदा दिलास त्याला. आता त्याच शेतावर मातीचा भराव घालून घरं बांधणार म्हटल्यावर ते पाणी कुठं जाणार हे सांगायला ब्रिस्टलची बाई कशाला हवी?

तू एकतीस वर्षं जिल्ह्याच्या निचरा विभागात काढलीस. या लोकांची भाषा तुला येते. मला फक्त शाळेच्या स्वयंपाकघरात अडीचशे पोरांना रांगेत उभं करता येतं. काय करू ते सांग.

हेस्टर


ऑर्कनी
११ मार्च

प्रिय हेस्टर,

आधी शांत हो. निरीक्षकासमोर संतापाची किंमत शून्य. सह्यांची मोहीम, घोषणांच्या पाट्या, हिरव्या रिबिनी, सगळं घरी ठेवा. नऊशे सह्या म्हणजे तिच्या लेखी एकच मुद्दा नऊशे वेळा. ती डोकी मोजत नाही, पुरावे तोलते.

हॉलात कुणीही उठून पाच मिनिटं बोलू शकतो. त्याचा उपयोग नाही. सुनावणीच्या नियमांत सहावा नियम आहे. त्याखाली अर्ज करा आणि समितीला मुख्य पक्षकार करून घ्या. मग कंपनी आणि कौन्सिलच्या बरोबरीनं तुमचं टेबल लागेल, सगळे कागद तुम्हालाही मिळतील, त्यांच्या तज्ज्ञांची उलटतपासणी तुम्हाला घेता येईल. अर्थात ते तुमचीही घेतील. आधी तुमची बाजू लेखी द्यावी लागते, मग सुनावणीच्या चार आठवडे आधी साक्षीदारांच्या लेखी साक्षी. तारीख एक दिवसही चुकवू नका.

आता महत्त्वाचं. पाण्याच्या मुद्द्यात पडू नका. ते तज्ज्ञांचं काम आहे आणि त्यांच्याकडे आकडे असतात, तुम्ही तोंडावर आपटाल. रस्त्यावरची वाहनं आणि शाळेतल्या जागा यांवर भर द्या.

आणि माझं नाव कुठं घालू नकोस. मी निवृत्त माणूस आहे.

कोंबड्या बऱ्या आहेत. वारा फार आहे.

विल्फ


मिल रो
२० एप्रिल

विल्फ,

झालो आम्ही मुख्य पक्षकार. सहावा नियम म्हटल्यावर समितीतली चार माणसं लगेच शेपूट घालून पळाली. कुणाला मुलीचं लग्न आठवलं, कुणाला गुडघा. उरलो प्रॉसर, मी आणि नऊ नंबरची अ‍ॅग्नेस. प्रॉसरनं चाळीस वर्षं भूगोल शिकवलाय, तो आमचा बॅरिस्टर. बिचारा रात्रंदिवस वाचतोय. कंपनीचा एकटा पाण्याचा अहवालच चारशे बारा पानांचा.

आता ऐक त्यात काय झालं ते. 'सहमतीचं निवेदन' नावाचा एक कागद असतो, तुला ठाऊक असेलच. कंपनी आणि कौन्सिल मिळून लिहून देतात की अमुक गोष्टींवर आमचा वाद नाही, म्हणजे निरीक्षकाचा वेळ वाचतो. कौन्सिलनं त्यावर सही केली की पुराबद्दल वाद नाही. वाद नाही. आपल्याच कौन्सिलनं काखा वर केल्या. त्यांच्या पाण्याच्या माणसानं कंपनीचा अहवाल वाचला आणि मान डोलावली. त्यात लिहिलंय की लाँग इंग्जवर पन्नास वर्षांत दोनदाच पाणी चढलं. मी त्या माणसाला फोन करून विचारलं, तू शेत पाहिलंस का? म्हणाला, नकाशा पाहिला.

आणि तू मला सांगतोस पाण्याचा मुद्दा सोडा. विल्फ, आता तो मांडणारे जगात आम्ही तिघंच उरलोय. गाड्या किती वाढतील याच्याशी मला घेणंदेणं नाही. मला माझ्या घरात पुन्हा ओढा नकोय. तुला माझी काळजी वाटते, भर हॉलात माझी फजिती होईल म्हणून तू जपतोयस, हे कळतं मला. लहानपणी आमच्या घरी वाढलास तेव्हाही असाच होतास. आईच्या हातचे धम्मकलाडू मला मिळू नयेत म्हणून फुटलेल्या बशा स्वतःच्या नावावर घ्यायचास. पण मी आता त्रेसष्ट वर्षांची आहे. मला जपू नकोस, मदत कर.

हेस्टर


ऑर्कनी
१ मे

प्रिय हेस्टर,

तू ऐकणार नाहीस हे मला माहीत होतं.

मग निदान नीट कर. 'आम्हाला भीती वाटते' असं एकदाही म्हणायचं नाही. वॉल्टबद्दल एका वाक्यापेक्षा जास्त नाही. आठवणी सांगू नकोस, बॅरिस्टर दोन मिनिटांत चिंध्या करतो. त्या त्या दिवशी लिहिलेला कागद शोध, आणि तोही अशा माणसानं लिहिलेला, ज्याला या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं. असा कागद कुणाला खोडता येत नाही.

मला यापलीकडे विचारू नकोस. खरंच विचारू नकोस.

विल्फ


मिल रो
१८ जुलै

प्रिय विल्फ,

मिळाला तुझा कागद.

तुझं पत्र आलं त्या बुधवारी संध्याकाळी चर्चच्या घंटांचा सराव चालू होता आणि मला एकदम वॉल्ट आठवला. दर बुधवारी जायचा घंटा वाजवायला, आणि मधूनच कधीतरी अर्ध्या तासात परत यायचा, चडफडत. "वरची मंडळी आली नाहीत. शेतात पाणी." वरच्या थर्लची तिघंजणं इंग्जमधल्या पायवाटेनं येतात ना. पाणी चढलं की ती पलीकडे अडकतात, सहा घंटांना तीनच माणसं उरतात आणि सराव बंद. मनोऱ्यात या सगळ्याची वही असते. १९६१पासून एकही बुधवार सुटलेला नाही. प्रॉसरनं चार संध्याकाळी मनोऱ्यात बसून यादी काढली. 'सराव रद्द, लाँग इंग्जवर पाणी.' किती वेळा? सत्तावन्न. अहवाल म्हणतो दोनदा.

ही यादी मी माझ्या लेखी साक्षीला जोडली. काल, शेवटच्या दिवशी, दुपारी पाठवली. पाण्यावरची साक्षीदार मी. प्रॉसर प्रश्न विचारणार आणि मी उत्तरं देणार, असं ठरलंय.

एक गोष्ट तुला न विचारता केली. सतराव्या परिच्छेदात लिहिलं, 'जिल्ह्याच्या निचरा विभागात एकतीस वर्षं काम केलेले माझे मामेभाऊ डब्ल्यू. सग्डन यांच्या मार्गदर्शनाबद्दल मी ऋणी आहे.' नाव नको म्हणाला होतास, पण तुझा हा संकोच मला लहानपणापासून ठाऊक आहे. एकदा तरी कुणीतरी तुझं नाव चांगल्या कामासाठी छापायला हवं होतं. शिवाय त्यांनाही कळू दे की आमच्या पाठीशी कुणी जाणकार आहे.

तुझी हेस्टर


ऑर्कनी
२३ जुलै

हेस्टर,

ते वाक्य काढून टाक. दुरुस्तीचं पत्र पाठवता येतं. आजच पाठव. कारण विचारू नकोस.

विल्फ


मिल रो
१९ ऑगस्ट

विल्फर्ड,

तुझी चिठ्ठी आली तेव्हा मी हसले. प्रॉसरला म्हटलं, बघ, किती साधा माणूस आहे. आणि वाक्य तसंच ठेवलं.

आता सांगते काय झालं ते, सगळं सांगते, तुला चुकवू देणार नाही.

मंगळवारी सुनावणी सुरू झाली. निरीक्षक मिसेस ओकेंडन, बारीक चणीची, पांढरे केस, सगळं हातानं लिहून घेते. तीन टेबलं. कंपनीकडे सात माणसं आणि कॅरदर्स नावाचा बॅरिस्टर, आमच्याकडे प्रॉसर आणि त्याचा थर्मास. बुधवारी त्यांच्या पाण्याच्या तज्ज्ञाला प्रॉसरनं विचारलं, तुम्ही शेतावर कधी गेलात? म्हणे, सप्टेंबरात, एकदा. हॉल हसला. मला वाटलं, जमतंय आपल्याला.

शुक्रवारी सकाळी मी. कॅरदर्स इतका गोड बोलतो की आपल्याला वाटावं जावई शोधायला आलाय. आधी वहीवर आला. "ही नोंद करणारी माणसं पाण्यातली जाणकार होती का?" म्हटलं, नाही, पण पायांना पाणी लागलेलं त्यांना कळत होतं. लोक हसले. निरीक्षकही जरा हसली. मग म्हणाला, "सतराव्या परिच्छेदातले मिस्टर सग्डन कोण?"

"माझा मामेभाऊ."

"ते मात्र जाणकार आहेत?"

"एकतीस वर्षं तेच केलं त्यानं."

"त्यांच्या शब्दावर तुमचा भरवसा आहे?"

"माझ्या स्वतःच्या शब्दापेक्षा जास्त," मी म्हणाले. छाती काढून म्हणाले.

"मग आमच्या अहवालाचं परिशिष्ट नऊ उघडता का?"

एक पानाचं पत्र. निचरा विभाग, ४ मार्च १९९४. 'लाँग इंग्ज या शेतावर पूर आल्याची कोणतीही नोंद या कार्यालयाकडे नाही. तेथे बांधकामास हरकत नाही.' नाव छापलेलं नाही, सही म्हणजे नुसता गुंता. प्रॉसरनं ते पान दहा वेळा वाचलं असेल, त्याला काय कळणार? पण सहीखाली पट्टीनं मारलेल्या दोन रेघा होत्या. त्या दोन रेघा मी पन्नास वर्षं वाढदिवसाच्या कार्डांवर बघत आलेय.

"सही ओळखता का, मिसेस मिजली?"

मी त्या रेघांवरून बोट फिरवलं. निरीक्षकानं विचारलं, थोडं थांबायचंय का. म्हटलं नको. ओळखते, म्हणाले. कुणाची? सांगितलं.

त्या एका पानावर त्यांचा सगळा अहवाल उभा आहे, विल्फ. १९९४पर्यंत एकदाही नाही आणि त्यानंतर दोनदा, तिथूनच ते 'दोनदा'. कौन्सिलनं मान डोलावली तीही त्याच पानाकडे बघून. आणि त्याच पानावर १९९५मध्ये इंग्जच्या वरच्या अंगाला बावीस घरं झाली, त्यांच्यासाठी भराव घातला. त्यानंतर पाणी आमच्याकडे वळलं. त्याआधी मिल रोमध्ये कधी पाणी शिरलं होतं? आईच्या हयातीत एकदा तरी?

बाहेर आल्यावर अ‍ॅग्नेस माझ्याशी बोलली नाही. प्रॉसर म्हणाला, असू दे हेस्टर, आणि थर्मास पिशवीत भरायला लागला.

केसानं गळा कापलास तू माझा. आणि तो कापत असताना मला सांगत होतास, तारीख चुकवू नका.

सुनावणी १८ सप्टेंबरपर्यंत तहकूब आहे. त्या दिवशी निरीक्षक वहीची मूळ प्रत बघणार, मग जागेची पाहणी, मग शेवटची भाषणं. तुझ्याकडे काही बोलण्यासारखं असेल तर लिही.

हेस्टर


ऑर्कनी
२५ ऑगस्ट

हेस्टर,

लिहितो.

पत्र माझंच. शुक्रवार होता. बांधकामवाल्यांकडून विचारणा आली होती, वरून साहेबांची घाई होती. मी कपाट उघडलं, लाँग इंग्जच्या नावाची फाईल नव्हती. म्हणून लिहिलं, नोंद नाही. कागदोपत्री ते खरंच होतं. जाऊन पाहायला हवं होतं, मी गेलो नाही. हा माझा आळस, याची मला लाज वाटते. पण आळस म्हणजे खोटेपणा नव्हे.

२००७ला तुझ्या घरात पाणी आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. सांगायला हवं होतं. वॉल्ट आजारी होता, मग वॉल्ट गेला, मग उशीर झाला.

मला मनापासून वाईट वाटतं.

विल्फ


मिल रो
३१ ऑगस्ट

विल्फर्ड,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस तुला जवळजवळ माफ केलं होतं. आळस मला समजतो. शाळेत मी स्वतः न चाखता किती रस्से वाढलेत.

मग काल निरीक्षकासाठी मूळ वही आणायला मनोऱ्यावर गेले. प्रॉसरनं यादी टाइप केली होती, त्याला कुणाचंच अक्षर ओळखू येत नाही, तो २००३ला इथं आला. मी मात्र तिथंच पायरीवर बसून पानं उलटली. १९८६ ते १९९४ वहीचा चिटणीस कोण होतं, विसरलास? मी पण विसरले होते. मला वाटायचं तू नुसता घंटा वाजवायचास.

'बुधवार, ९ फेब्रुवारी १९९४. सराव रद्द. लाँग इंग्जवर पाणी, कुंपणाच्या दुसऱ्या फळीपर्यंत. डब्ल्यू. एस.' खाली पट्टीनं दोन रेघा.

तेवीस दिवस, विल्फ. तेवीस दिवसांनी तू ऑफिसात बसून लिहिलंस, पुराची नोंद नाही. नोंद तुझ्याच हातची होती. कुंपणाची फळीसुद्धा मोजली होतीस. त्या आठ वर्षांत तू एकोणीस वेळा 'पाणी' लिहिलंयस, मी मोजलं. तुला जाऊन पाहायची गरजच नव्हती. तुला माहीत होतं. आणि परवाच्या पत्रातही मला आळसाची गोष्ट सांगितलीस, लाज वाटते म्हणालास.

माझ्या आईनं तुला ताटात वाढताना कधी तुझ्यामाझ्यात फरक केला नाही. त्याच आईच्या घरात तू पाणी सोडलंस.

आता नीट ऐक. वही १८ तारखेला निरीक्षकापुढे जाणार, ते टळत नाही. कॅरदर्सला तुझं अक्षर ओळखू येईल न येईल. ते पान बोट ठेवून दाखवायचं की नाही, हे माझ्या हातात आहे. मी दाखवणार. पण मी दाखवलं तर तू चोर आणि मी चोर पकडणारी, आणि कॅरदर्स म्हणेल की घरातलं भांडण आहे. तू स्वतः येऊन सांगितलंस तर ते पत्र मरतं. सुनावणी संपेपर्यंत नवा पुरावा घ्यायचा की नाही ते निरीक्षक ठरवू शकते, प्रॉसरनं विचारून घेतलंय. आधी लेखी पाठवावं लागेल, आणि सगळ्यांना प्रती.

माझ्याकडे उतरायचं नाही. खाणावळीत खोली मिळते.

हेस्टर


ऑर्कनी
६ सप्टेंबर

हेस्टर,

निरीक्षकांना लिहिलं. कंपनीला आणि कौन्सिलला प्रती पाठवल्या. त्यात आळस हा शब्द नाही.

शनिवारच्या बोटीनं निघतो. कानांचं मशीन नवीन घेतलंय, पण मोठ्या हॉलात त्याचा उपयोग होईल असं वाटत नाही. समोरच्याला माझ्याकडे तोंड करून बोलायला सांग.

विल्फ


मिल रो
६ डिसेंबर २०१८

विल्फ,

निकाल पंधरा दिवसांपूर्वी लागला. प्रॉसरनं तुला प्रत पाठवली असेल. मी लिहायचं टाळत होते. त्या दिवशी साक्ष संपल्यावर तू दाराशी थांबला होतास आणि मी तुझ्या शेजारून निघून गेले. ते मी मुद्दाम केलं, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

पण तुला तिथलं निम्मं ऐकू आलं नसणार, आणि काही गोष्टी तू गेल्यावर झाल्या. त्या तुला कळायला हव्यात.

कॅरदर्सनं विचारलं, "मिस्टर सग्डन, तुम्ही तेव्हा खोटं बोलत होता की आज बोलताय?" तू म्हणालास, "तेव्हा." त्यानं विचारलं, का? तू म्हणालास, "बढती हवी होती." एवढंच. पुढं एक शब्द नाही, रडगाणं नाही. त्याची पुढच्या प्रश्नांची दोन पानं होती, ती त्यानं उलटी करून ठेवली. हे तू पाहिलंस. पण तुझ्या मागच्या रांगेत अ‍ॅग्नेस बसली होती, ती मोठ्यानं म्हणाली, "आणि ह्याला आपण वॉल्टची शवपेटी उचलायला दिली." निरीक्षकानं मान वर केली. कुणी तिला गप्प केलं नाही. मीही नाही.

दुपारी पाहणी झाली. पाहणीत कुणी वाद घालायचा नाही, नुसतं बोटानं दाखवायचं, असा नियम आहे. प्रॉसरनं मला तीन वेळा बजावलं होतं. शेत बघून झाल्यावर मिसेस ओकेंडन माझ्या घराकडे आल्या, चौकटीवरची खूण बघायला. मी सकाळीच आल्याचा केक केला होता, चांगले कप काढले होते. दारात म्हटलं, या, चहा तयार आहे. त्या म्हणाल्या, "माफ करा, मला कुणाकडूनच काही घेता येत नाही. आणि आत यायचं तर सगळ्यांनाच यावं लागेल." मग सगळेच आले. कॅरदर्स, त्यांचा तज्ज्ञ, कौन्सिलचे दोघं, प्रॉसर, बूट काढून, मोज्यांवर, माझ्या एवढ्याशा कोठीघरात. मी वॉल्टच्या खुणेवर बोट ठेवलं. मिसेस ओकेंडननी स्वतःची टेप काढून मोजलं आणि लिहून घेतलं. ती खूण त्यांच्या तज्ज्ञाच्या कमरेच्या पट्ट्यापर्यंत आली. तो त्या खुणेकडे बघत राहिला आणि मग लोणच्याच्या बरण्यांकडे. इतकी माणसं माझ्या घरातून चहा न पिता गेली, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

अपील फेटाळलं. एकसष्टाव्या परिच्छेदात त्या लिहितात की १९९४च्या पत्राला त्या काहीच वजन देत नाहीत, ज्यानं ते लिहिलं त्यानंच ते खोडलंय. आणि घंटावाल्यांच्या वहीला बरंच वजन देतात, कारण ती लिहिणाऱ्यांना या वादाची कल्पनाही नव्हती. तू मे महिन्यात असाच कागद शोध म्हणाला होतास. तुला तेव्हा ती वही आठवत होती की नव्हती, यावर मी खूप विचार केला. मला कळलेलं नाही, आणि तू सांगितलंस तरी मी आता विश्वास ठेवीन की नाही ते माहीत नाही.

या वेळी कुणी नाचलं नाही. कंपनी वसंतात पुन्हा अर्ज करणार आहे, नव्वद घरांचा. त्यांना कितीही वेळा विचारता येतं. आम्हाला प्रत्येक वेळी उत्तर द्यावं लागतं. पण ते पत्र आता त्यांच्या कामाचं नाही, एवढं तू केलंस. मिल रोची माणसं त्याबद्दल तुझे आभार मानणार नाहीत. मीही मानत नाही. जे मोडलंस तेच थोडं जोडलंस, त्याचे आभार कसले?

ख्रिसमसला येऊ नकोस. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू. पत्र लिहिलंस तर मी वाचीन.

मनोऱ्याची वही आता माझ्याकडे आहे. तिथं वाचता येईल असं अक्षर दुसऱ्या कुणाचं नाही म्हणतात. तुझी पानं कुणीतरी फाडा म्हणालं, मी फाडू दिली नाहीत. ती जशी आहेत तशी राहतील. काल बुधवार होता. दोन दिवस पाऊस होता, वरच्या थर्लची तिघंजणं पलीकडच्या फाटकाशी कंदील हलवून परत गेली, आणि मी लिहिलं: '५ डिसेंबर २०१८. सराव रद्द. लाँग इंग्जवर पाणी. एच. एम.' खाली रेघा मारल्या नाहीत.

हेस्टर